आभाळातली पांढरी रेघ आणि विमानाचं रॉकेल

 

मागच्या महिन्यात एका गटाकडून चिठ्ठी आली. त्यांनी विचारलंय, ‘कांदा काढताना वर बघितलं, तर विमान पांढरी रेघ ओढत चाललेलं. एखाद्या दिवशी ती रेघ लगेच पुसून जाते, एखाद्या दिवशी तासभर तशीच राहते आणि पसरते. तो धूर आहे का? एवढं इंधन जाळतं का ते?’ प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधायला बसलो तर ते पार आपल्या हवामानाच्या अंदाजापर्यंत येऊन पोचलं. म्हणून आजचं सगळं बोलणं त्यावरच.

आधी इंधनाचं बघू. विमानात पेट्रोल भरतात असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. मोठ्या विमानात जातं ते रॉकेलच. रेशनवर मिळायचं त्याचंच जास्त शुद्ध केलेलं, कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं भावंड. मुंबई-दिल्ली करणारं दीडशे-पावणेदोनशे माणसांचं विमान तासाला साधारण अडीच टन रॉकेल जाळतं. म्हणजे दोनशे लिटरचे पंधरा बॅरल, एका तासात. समुद्रापार जाणारं मोठं विमान याच्या दुप्पट-तिप्पट जाळतं. एक किलो रॉकेल जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा शंभरातला एक भाग वाचला तरी ती छोटी गोष्ट नाही.

आता मुद्दा असा, की विमान इंधन जाळतं ते तासावर, किलोमीटरवर नाही. वर हवेत त्याचा वेग ताशी नऊशे किलोमीटर धरा. समोरून दीडशेचा वारा असेल, तर जमिनीवरचं अंतर ते तासाला साडेसातशेनेच कापतं. तोच वारा पाठीशी असला, तर एक हजार पन्नासने. इंजिन दोन्ही वेळा तेवढंच राबतं, तेवढंच पितं. साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास असेल, तर एका बाजूला सव्वासात तास लागतात आणि दुसऱ्या बाजूला सव्वापाच. दोन तासांचं रॉकेल वाऱ्याने खाल्लं किंवा वाऱ्याने वाचवलं. वाऱ्याच्या तोंडाला सायकल मारत शाळेला जाणारी पोर हे आपल्यापेक्षा चांगलं सांगेल.

मग पायलटला वारा कळतो कसा? अकरा किलोमीटर उंचीवर ना झाडाचं पान हलतं, ना धूळ उडते. इथे विमान स्वतःच मापाचं भांडं होतं.

विमानाच्या नाकाजवळ बोटभर जाडीची, पुढे तोंड असलेली नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. आन्री पितो नावाच्या फ्रेंच माणसाने १७३२ साली पॅरिसच्या सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ती शोधली. वाहत्या पाण्यात वाकडी नळी तोंड पुढे करून धरली, की पाणी नळीत वर चढतं. प्रवाह जितका जोराचा, तितकं जास्त चढतं. नदीसाठी केलेली ही युक्ती आज प्रत्येक विमानावर आहे. समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब आणि बाजूच्या हवेचा दाब यातला फरक बघून विमानाला हवेतला आपला वेग कळतो.

जमिनीवरचा वेग उपग्रहाकडून कळतो, आपल्या मोबाईलमधल्या नकाशाला कळतो तसाच. पंढरपूरला चंद्रभागेत होडी पलीकडच्या घाटाकडे नाक करून निघते, पण प्रवाह तिला खाली ओढतो. नाक कुठे होतं आणि होडी खरी कुठे लागली, हे बघितलं की नदीचा जोर कळतो. विमानातला कॉम्प्युटर हाच हिशोब अखंड करत असतो: हवेत मी इतका चाललो, जमिनीवर इतका सरकलो, मधला फरक तो वारा. जोरही कळतो, दिशाही कळते.

तापमान मोजायला वेगळी काडी असते, आणि तिथे एक गंमत आहे. एवढ्या वेगाने जाताना समोरची हवा काडीवर दाबली जाऊन तापते. बाहेर उणे पंचेचाळीस अंश असेल, तर काडी उणे पंधराच्या आसपास दाखवते. म्हणून खरं तापमान काढायला वेगाचा हिशोब करून तेवढी उष्णता वजा करावी लागते. तापमानाला एवढं महत्त्व का? थंड हवा दाट असते, पंखाला चांगला आधार देते, इंजिनालाही ती मानवते. विमानाने किती उंच जावं, हे या आकड्यावर ठरतं.

वर वारा किती जोरात असतो, याची जगाला फार उशिरा जाणीव झाली. ती गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. जपानमध्ये तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे हवामानतज्ज्ञ होते. १९२० च्या दशकात ते रोज फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांच्यावर नजर ठेवून वरचा वारा मोजायचे. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडे नदीसारखा वेगवान वारा वाहतो, हे त्यांनी नोंदवलं. १९२६ साली अहवालही छापला. पण तो छापला एस्पेरांतो भाषेत. सगळ्या जगाने एकच भाषा बोलावी म्हणून मुद्दाम बनवलेली ती भाषा. हेतू चांगला, पण ती वाचणारे मोजकेच. जगाने त्या अहवालाकडे पाहिलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या शेवटी, अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावर गेली आणि या वाऱ्यात सापडली, तेव्हा त्यांच्या पायलटांना हा वारा नव्याने कळला. आज त्याला जेट प्रवाह म्हणतात.

पुढे १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये पॅन ॲम या अमेरिकन कंपनीने टोकियोहून होनोलुलूला जाणारं विमान मुद्दाम या प्रवाहात नेलं. अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. विमान तेच, इंजिन तेच. फक्त वारा कुठे आहे ते माहीत होतं.

हा प्रवाह आपल्यालाही परका नाही. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरून वाहतो. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा बहुधा जास्त वेळ लागतो, तो त्याच्यामुळेच. पावसाळ्यात मात्र आपल्या दक्षिण भारतावर, त्याहूनही उंच, उलटा वारा सुटतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तो आपल्या हवामान खात्यातले शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली जगासमोर मांडला. मोसमी पावसाशी त्याचं नातं आहे, त्यावर वेगळा भागच करावा लागेल.

वारा कळला तर इंधन वाचतं कसं? आम्हाला यातली तीन ठिकाणं महत्त्वाची वाटली.

पहिलं ठिकाण वाट आणि उंची. सहाशे मीटर वर किंवा खाली गेलं, तरी वाऱ्याचा जोर बदलू शकतो. पुढून चाललेल्या विमानाने कळवलं, की ‘या थरावर समोरचा वारा फार आहे, वरच्या थरावर कमी आहे’, तर मागचं विमान परवानगी मागून आधीच वर जातं. हवेतल्या धक्क्यांचंही तसंच. पुढे धक्के आहेत का हे माहीत नसलं, तर पायलट नुसत्या शंकेनेच खाली उतरतो. खालची हवा दाट, तिच्यात जास्त इंधन जळतं. धक्के नेमके कुठे आहेत आणि किती मोठे आहेत, हे आता विमानं आपोआप मोजून एकमेकांना कळवू लागली आहेत. त्यामुळे विनाकारण उतरणं टळतं.

इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाने २०२१ मध्ये एक अभ्यास छापला. २०१९-२० च्या एका हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्ये सुमारे पस्तीस हजार फेऱ्या झाल्या. त्या फेऱ्या रोजच्या वाऱ्याला धरून आखल्या असत्या तर काय झालं असतं, असा तो हिशोब. सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास वाचलं असतं, आणि काही दिवशी पूर्वेकडे जाताना सोळा टक्क्यांपर्यंत. मग तशी का नाही गेली? कारण भर समुद्रात रडार पोचत नाही. विमानं एकमेकांवर येऊ नयेत म्हणून त्यांना ठरावीक वाटांवरून, अंतर राखून पाठवावं लागायचं. आता उपग्रहांमुळे समुद्रावरही विमान कुठे आहे ते दिसतं, त्यामुळे ही बंधनं हळूहळू सैल होतायत.

दुसरं ठिकाण ओझ्याचं, आणि ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल. वाऱ्याचा भरवसा नसतो, म्हणून विमानाला जादा इंधन घेऊन निघावं लागतं. प्रवासाला लागेल त्यावर साधारण पाच टक्के जादा, शिवाय दुसऱ्या विमानतळावर जायची वेळ आली तर तेवढं, शिवाय वर घिरट्या घालायला अर्ध्या तासाचं. हे सुरक्षेसाठी असतं आणि ते असायलाच हवं. पण वाऱ्याचा अंदाज कच्चा असेल, तर त्याच्याही वर आणखी भरलं जातं. आता भरलेला हंडा डोक्यावर घेऊन दोन कोस चालणाऱ्या बाईला विचारा, जादा तांब्याभर पाण्याचं ओझं कसं असतं. विमान तर इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जाळतं. अंदाज पक्का असला, की नको असलेला तांब्या घरी ठेवता येतो.

तिसरं ठिकाण उतरण्याचं. घाट उतरताना शहाणा सायकलवाला पायडल मारणं थांबवतो. विमानही तसंच इंजिन मंद ठेवून दीड-दोनशे किलोमीटर घसरत येऊ शकतं. पण उतार कुठून धरायचा हे वाऱ्यावर ठरतं. लवकर धरला तर शेवटी पुन्हा इंजिनाचा जोर लावावा लागतो, उशिरा धरला तर वेग मारावा लागतो. नुकत्याच उतरलेल्या विमानाने मोजलेला वारा मागच्या विमानाला मिळाला, तर हा अंदाज बरोबर येतो.

इथपर्यंत झालं कंपनीच्या फायद्याचं. कंपनीचं रॉकेल वाचलं, चांगलं झालं. पण आपलं काय? आपल्यातल्या कितीजणी विमानात बसल्यात?

विमान वारा आणि तापमान मोजतं, ते स्वतःपुरतं ठेवलं तर तिथेच संपतं. पण जगातल्या अनेक विमान कंपन्या ही मापं आपापल्या देशाच्या हवामान खात्याला देतात. जागतिक हवामान संघटना हे काम बघते, त्या योजनेचं नाव आमदार. हसू नका, आपल्या आमदारांशी तिचा काही संबंध नाही. लांबलचक इंग्रजी नावाची अद्याक्षरं जोडून तो शब्द झालाय. कोविडच्या आधी अशी दिवसाला सात लाखांहून जास्त मापं जमा व्हायची.

याचं मोल कशात आहे, ते बघा. आपलं हवामान खातं वरची हवा मोजायला फुगे सोडतं. देशात पन्नासच्या वर ठिकाणांहून ते जातात, त्यात मुंबई, नागपूर, पणजी आहे. वेळ साधारण पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचची. मधल्या बारा तासांत वर काय बदललं, ते फुग्याला ठाऊक नसतं. विमान मात्र दुपारी दोनलाही उडतं आणि रात्री तीनलाही. चढताना आणि उतरताना ते जमिनीपासून वरपर्यंत सगळे थर मोजत जातं.

२०२० च्या मार्चपासून टाळेबंदीत विमानं जमिनीवर बसली, तेव्हा याचा पुरावाच मिळाला. जगभरात विमानांकडून येणारी मापं ७५ ते ८० टक्क्यांनी घटली. काही गरीब आणि उष्ण देशांच्या भागात त्याहूनही जास्त. युरोपच्या मोठ्या हवामान केंद्राने आधीच तपासून ठेवलं होतं, की विमानांची मापं पूर्ण काढून टाकली, तर वरच्या थरातल्या वारा-तापमानाचा जवळच्या मुदतीचा अंदाज पंधरा टक्क्यांपर्यंत बिघडतो. म्हणून युरोपातल्या काही देशांनी त्या दिवसांत जादा फुगे सोडले. ज्यांना परवडलं त्यांनी सोडले.

आम्ही इथे वाढवून सांगणार नाही. विमानाच्या मापावरून तुमच्या शिवारात चार वाजता गारा पडतील, असं कळत नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष आणि गहू उभा असताना जी गारपीट येते, तिच्यामागे वरच्या थरातली थंड हवा आणि तिथले वारे असतात. त्या थरांची खबर जितकी ताजी, तितका अंदाजाचा पाया घट्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी जो कृषी हवामान सल्ला येतो, ‘काढलेला माल झाकून ठेवा’, ‘फवारणी दोन दिवस थांबवा’, त्याच्या मुळाशी ही असली हजारो मापं असतात. एक फवारणी वाया गेली तर काय जातं, ते गटाच्या कर्जाच्या वहीत दिसतंच.

आता त्या चिठ्ठीतल्या रेघेकडे येऊ. ती बहुतांशी धूर नाही. एक किलो रॉकेल जळलं, की सव्वा किलो पाण्याची वाफ होते. वर उणे चाळीसच्या थंडीत ती वाफ काजळीच्या बारीक कणांवर गोठते आणि बर्फाचे कण होतात. आपण थंडीत पहाटे बोलताना तोंडातून वाफ दिसते, तसंच. वरची हवा कोरडी असेल तर हे कण लगेच विरतात, रेघ पुसून जाते. हवा आधीच ओलीगच्च आणि थंड असेल, तर कण आणखी ओल खाऊन वाढतात. रेघ पसरते आणि तिचा पातळ ढग होतो.

हा ढग निरुपद्रवी दिसतो, पण तो जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. दिवसा तो थोडं ऊन परत पाठवतो. रात्री मात्र नुसती गोधडी. विमानांमुळे पृथ्वी जी तापते, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा या रेघांचा असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तो ओला थर फार जाड नसतो. थोडं वर किंवा खाली गेलं, तर टाळता येतो. गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी २०२३ मध्ये सत्तर फेऱ्यांवरचा प्रयोग जाहीर केला. अंदाज बघून पायलटांनी उंची बदलली आणि रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. पण ज्या फेऱ्यांनी वाट वाकडी केली, त्यांना दोन टक्के जादा इंधन लागलं. इथे खरा पेच आहे. इतका वेळ आपण इंधन वाचवायचं म्हणत होतो, आणि इथे पृथ्वी कमी तापावी म्हणून थोडं जादा जाळायचं! रेघ सोडणाऱ्या फेऱ्या एकूण फेऱ्यांत थोड्याच असतात, त्यामुळे सगळ्या फेऱ्या धरल्या तर जादा खर्च फार होत नाही, असं हा प्रयोग करणारे सांगतात. आम्हाला ते पटतं. मात्र कुठली फेरी रेघ सोडणार, हे आधी नेमकं कळायला हवेतली ओल मोजली पाहिजे. वारा आणि तापमान मोजायची सोय विमानांवर असते, ओल मोजायचं यंत्र मात्र फार थोड्यांवर आहे. ते महाग आहे, आणि त्याने कंपनीचं इंधन थेट वाचत नाही. मग ते कोण बसवणार? ढगाची गोधडी तर विमानात कधीही न बसलेल्यांच्या रानावरही पडते.

आपल्या देशात काय चाललंय? विमान कंपन्यांनी चढता-उतरताना मोजलेलं हवामान खात्याला देणं सक्तीचं करण्याचा विचार आहे, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं होतं. ते व्हायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. माप आधीच घेतलेलं असतं, यंत्र आधीच बसवलेलं असतं. प्रश्न फक्त ते पाठवण्याचा आणि पाठवण्याच्या खर्चाचा आहे. ग्रामसभेत हवामान केंद्राचा, पर्जन्यमापकाचा विषय निघतो, तेव्हा जमलेल्यांना हेही सांगा.

चिठ्ठी पाठवणाऱ्या गटाला आमची एक विनंती आहे. महिनाभर रोज दिसणाऱ्या रेघांची नोंद गटाच्या वहीच्या मागच्या पानावर करा. तारीख, वेळ, रेघ लगेच पुसली की टिकली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आभाळ कसं होतं. टिकणारी रेघ म्हणजे वर ओल आहे, एवढं तिच्यावरून नक्की कळतं. वही आमच्याकडे आणून द्या, तुमच्या नोंदी आम्ही याच वेळेला वाचून दाखवू.